गोष्ट कोणाची, मालकी कोणाची? : डिस्ने कंपनीच्या तत्त्वज्ञानाविषयी

१

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहातील सात-आठ मुले जिल्ह्याच्या गावी जाऊन 'ब्लॅक पँथर' हा अमेरिकन चित्रपट हिंदीतून पाहून आली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने मला जिन्यात गाठून विचारले, "सर, हे पँथर म्हणजे आपलेच पँथर का?" विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरलेलो नाही. पडद्यावर काळ्या माणसांचे राज्य होते, काळा राजा होता, काळ्या स्त्रिया सेनापती आणि शास्त्रज्ञ होत्या. आणि शीर्षकात ते नाव होते, जे त्याने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते. मी तासाला जाण्याच्या घाईत होतो. "नाव एक आहे, पण घर वेगळे आहे," एवढे म्हणून मी वर्गात शिरलो.

ते उत्तर अपुरे होते. नावाचा संबंध खरा आहे, आणि घराचा प्रश्न मी त्या वेळी समजलो होतो त्याहून मोठा आहे. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हा लेख लिहितो आहे.

आधी नावाची हकीकत. १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती या पक्षाच्या नावापासून स्फूर्ती घेऊन. चित्रकथेतला ब्लॅक पँथर मात्र त्या पक्षाच्या काही महिने आधी, त्याच १९६६ साली, मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या अंकात अवतरला होता. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्या लेखक-चित्रकारांची ती निर्मिती. पुढे १९७२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आमच्या तरुणांनी ते नाव अभिमानाने धारण केले त्याच वर्षी, मार्व्हलने आपल्या नायकाला काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' असे नाव देऊन पाहिले. त्या पक्षाशी कोणी आपला संबंध जोडू नये, हा हेतू. इकडे माणसे त्या नावाकडे धावत होती आणि तिकडे मालक त्या नावापासून अंग चोरीत होते. २००९ मध्ये ही मार्व्हल कंपनी तिच्या हजारो पात्रांसह डिस्ने कंपनीने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. ज्या नावाची एकेकाळी धास्ती वाटत होती, ते नाव आता व्यापारी मालमत्ता झाले.

म्हणून त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी ही डिस्ने कंपनी काय आहे, तिचे तत्त्वज्ञान काय आहे, हे समजून घेतले पाहिजे. तिच्याविषयी आपल्याकडे दोन सुरांत बोलले जाते. एक सूर म्हणतो, मुलांचे निर्मळ मनोरंजन आहे, त्यात कसले आले राजकारण! दुसरा सूर सगळेच 'अमेरिकन साम्राज्यवाद' या एका शब्दात गुंडाळून मोकळा होतो. माझ्या मते दोन्ही सूर विचार टाळतात. या कंपनीचा खरा धंदा गोष्टी सांगणे हा नाही. गोष्टींची मालकी मिळवणे आणि ती राखणे हा आहे. बाकीचे सर्व त्यातून निघते.

२

वॉल्ट आणि रॉय या डिस्ने बंधूंनी १९२३ मध्ये लॉस एंजेलिसला व्यंगचित्रपटांचा एक छोटा कारखाना सुरू केला. १९२७ मध्ये त्यांचा 'ओस्वाल्ड' नावाचा ससा लोकप्रिय झाला. दुसऱ्या वर्षी वॉल्ट डिस्ने न्यूयॉर्कला गेला तो चार पैसे वाढवून मागण्यासाठी. तेथे चार्ल्स मिंट्झ या वितरकाने त्याला सुनावले की पैसे वाढणार नाहीत, उलट कमी होतील. ससा युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा आहे आणि तुझे बहुतेक चित्रकारही मी फोडले आहेत. ज्याने ससा घडवला त्याच्या हाती काहीच राहिले नाही.

या प्रसंगातून दोन धडे निघू शकत होते. निर्मिती करणाऱ्याचा निर्मितीवर हक्क असला पाहिजे, हा पहिला. पुढच्या वेळी कागदावर आपण मालक असले पाहिजे, हा दुसरा. वॉल्ट डिस्नेने दुसरा धडा घेतला. त्याच १९२८ साली मिकी माउस जन्माला आला. त्याला प्रथम कागदावर उतरवणारा हात प्रामुख्याने उब आयवर्क्स या चित्रकाराचा होता. नाव मात्र डिस्नेचे झाले आणि मालकीही डिस्नेचीच राहिली. अन्याय सोसलेला माणूस अन्यायाची रीत मोडीलच असे नाही, पुष्कळदा तो ती रीतच शिकून घेतो. आपल्या चळवळीतही हे आपण पाहिले आहे, म्हणून हा प्रसंग मला परका वाटत नाही. आणि ही कंपनी काही विसरत नाही. तब्बल अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २००६ मध्ये, तिने तो ससा परत मिळवला. त्याच्या बदल्यात आपल्याकडे नोकरीला असलेला एक नामवंत क्रीडा-समालोचक तिने दुसऱ्या कंपनीला जाऊ दिला.

१९५७ मध्ये या कंपनीत एक आराखडा काढला गेला. मध्यभागी चित्रपट, भोवती चित्रकथांची मासिके, गाण्यांच्या तबकड्या, दूरचित्रवाणी, खेळणी-कपडे यांचे परवाने आणि दोन वर्षांपूर्वी उघडलेले 'डिस्नेलँड' हे उद्यान, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे असंख्य बाण. चित्रपट पाहिलेले मूल बाहुली मागते, बाहुली घेतलेले मूल उद्यानाचा हट्ट धरते, उद्यानातून आलेले मूल पुढच्या चित्रपटाची वाट पाहते. मूल कोठूनही आत शिरले तरी ते फिरत फिरत त्याच गल्ल्यापाशी येते. या कंपनीचे तत्त्वज्ञान एका कागदावर पाहायचे असेल तर तो आराखडा पाहावा. आज मासिकांच्या जागी मोबाइल आला, एवढाच फरक.

या आराखड्याच्या मध्यभागी ठेवायला गोष्टी कोठून आल्या? 'स्नो व्हाइट' (१९३७) ग्रिम बंधूंनी संकलित केलेल्या जर्मन लोककथेतून आली. 'सिंड्रेला' (१९५०) पेरोच्या फ्रेंच कथेवरून घेतली, 'पिनोकिओ' (१९४०) कोलोदीच्या इटालियन पुस्तकावरून, 'लिटल मरमेड' (१९८९) अँडरसनच्या डॅनिश कथेवरून. म्हणजे युरोपातल्या आज्या-पणज्यांनी चुलीपाशी सांगितलेल्या आणि मुदत संपल्यामुळे सर्वांच्या झालेल्या गोष्टी या कंपनीने मोफत उचलल्या. यात गैर काही नाही; गोष्टी अशाच फिरल्या पाहिजेत. पण स्वतःच्या गोष्टींवर सर्वांचा हक्क होण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? अमेरिकन कायद्याप्रमाणे मिकीचा पहिला गाजलेला बोलपट २००३ अखेर सर्वांसाठी खुला व्हायचा होता. १९९८ मध्ये तेथील संसदेने लेखाधिकाराची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढवली. तसा आग्रह धरणाऱ्यांत ही कंपनी आघाडीवर होती. लोकांनी त्या कायद्याला 'मिकी माउस कायदा' असेच नाव ठेवले. शेवटी १ जानेवारी २०२४ रोजी तो बोलपट, म्हणजे 'स्टीमबोट विली', मोकळा झाला. १९८९ मध्ये फ्लॉरिडातील तीन पाळणाघरांच्या भिंतींवर कोणी मिकी आणि त्याचे सोबती रंगवले होते, तर ती चित्रे पुसा, नाहीतर न्यायालयात खेचू, असे या कंपनीने त्यांना बजावले होते. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचे आणि आपल्या विहिरीला कुलूप लावायचे, ही नीती आपल्याला कोणी नव्याने समजावून सांगायला नको.

३

जिथे मालकी एवढी ठळक असते तिथे राबणारा माणूस पुसट होत जातो. 'स्नो व्हाइट'ने अमाप पैसा मिळवला, पण तिची लाखो चित्रे काढणाऱ्यांतील पुष्कळांची नावे पडद्यावर आली नाहीत. काचेसारख्या पारदर्शक पत्र्यांवर शाई फिरवणे आणि रंग भरणे हे डोळे फोडणारे काम बहुशः तरुण मुलींकडे होते. १९३८ मध्ये नोकरी मागणाऱ्या एका स्त्रीला कंपनीने लेखी कळवले होते की, पडद्यासाठी चित्रे तयार करण्याचे सर्जनशील काम स्त्रिया करीत नाहीत, ते पुरुषांकडे असते. २९ मे १९४१ रोजी या कारखान्यातील शेकडो कलावंतांनी संप पुकारला. 'गूफी' या पात्राला घडवणारा आर्ट बॅबिट हा नावाजलेला चित्रकार संघटनेच्या बाजूने उभा राहिला म्हणून त्याला कामावरून काढले होते, हे तात्कालिक कारण. मालकाला हा संप म्हणजे कुटुंबातील कृतघ्नता वाटली. अखेर सरकारी मध्यस्थीने संघटनेला मान्यता द्यावी लागली. पण १९४७ मध्ये अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना वॉल्ट डिस्नेने या संपामागे कम्युनिस्ट होते असे सांगून माणसांची नावे घेतली. ज्या काळात असे नाव घेतले जाणे म्हणजे पोटावर पाय येणे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९५५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडने कामगार पुसून टाकण्याची रीत भाषेतच आणली. तेथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, 'नाटकातील पात्र' म्हणतात. गिऱ्हाईक हा 'पाहुणा'. गणवेश म्हणजे 'वेशभूषा'. उद्यानाचा दर्शनी भाग हा 'रंगमंच' आणि जिथे माणसे घाम पुसतात, डबा खातात तो 'पडद्यामागचा भाग'. फ्लॉरिडात १९७१ मध्ये उघडलेल्या उद्यानात तर सगळ्या मनोराज्याच्या पोटात भुयारी रस्ते काढले आहेत. कामगारांनी तेथून ये-जा करायची. कचराही बंद नळांतून हवेच्या दाबाने ओढून नेला जातो, म्हणजे तो कोणाच्या नजरेस पडत नाही. यंत्राने कचरा वाहिला जातो यात मला आनंदच आहे. माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरली तर कोणाला नको आहे? मला खटकते ते वेगळे. स्वच्छता हवी, पण स्वच्छ करणारा दिसायला नको, या आग्रहालाच तेथे 'जादू' म्हणतात. ज्या समाजात गावाची घाण काढणाऱ्याने गावाच्या नजरेआड राहावे असा दंडक होता, त्या समाजातल्या माणसाला या जादूचा अर्थ लवकर कळतो.

उद्यानाच्या कुंपणाबाहेर तर राबणारा आणखी दूर जातो. १९९० नंतरच्या दशकात हैतीमध्ये मिकीचे चित्र असलेले कपडे शिवणाऱ्या बायकांच्या तुटपुंज्या मजुरीवर अमेरिकन कामगार कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. १९९६ मध्ये त्यावर एक माहितीपटही निघाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बांगलादेशातील ताझरीन कारखान्याला आग लागून शंभरावर कामगार जळून मेले. त्या राखेत डिस्नेचे चिन्ह असलेले कपडे सापडले. आपल्या नकळत ते काम तेथे दिले गेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. काही महिन्यांत, म्हणजे मार्च २०१३ मध्ये, कंपनीने आपल्या परवानाधारकांना बांगलादेशातून काम काढून घ्यायला सांगितले. कोणी म्हणेल, हे योग्यच केले. पण त्या शिवणाऱ्या मुलींना कारखाना सुरक्षित हवा होता. कारखाना उठून जायला नको होता. मालकाचे नाव स्वच्छ झाले आणि मजुराची मजुरी गेली.

२०१८ या एका वर्षी कंपनीच्या प्रमुखाचे उत्पन्न साडेसहा कोटी डॉलरच्या वर होते. कंपनीतील मध्यम कामगाराच्या उत्पन्नाच्या चौदाशे पटींहून अधिक. यावर जाहीर टीका केली ती संस्थापक रॉय डिस्ने यांची नात अॅबिगेल डिस्ने यांनी. आणि २०२४ च्या मे महिन्यात एक गोष्ट घडली ती मला फार मोलाची वाटते. कॅलिफोर्नियातील उद्यानात मिकीचा, राजकन्येचा वेश घालून मुलांना मिठी मारणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या सुमारे सतराशे कलावंतांनी मतदान करून कामगार संघटना स्वीकारली. मुखवट्याच्या आत माणूस आहे, हे त्यांनी मत टाकून सांगितले.

४

आता चित्रांकडे वळू. १९४० च्या 'फँटेशिया'मध्ये अर्ध्या अश्व आणि अर्ध्या स्त्री अशा सुंदर गोऱ्या आकृती आहेत. त्यांच्यामध्ये एक लहान काळी आकृती होती. तिचे काम गोरीचे खूर पुसणे आणि तिला सजवणे. १९६० नंतरच्या दशकात ती आकृती चित्रपटातून कापून टाकली गेली. तिच्या मालकिणी मात्र राहिल्या. १९४१ च्या 'डंबो'मध्ये कावळ्यांचा एक कळप काळ्या माणसांच्या ढंगात बोलतो. त्यांच्या म्होरक्याचे नाव कागदोपत्री 'जिम क्रो' ठेवले होते आणि त्याला आवाज एका गोऱ्या नटाचा होता. दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांसाठी वेगळी शाळा, वेगळा डबा, पाण्याचा वेगळा नळ ठरवणाऱ्या कायद्यांना लोक 'जिम क्रो' म्हणत. ते कायदे चालू असतानाच हा विनोद झाला. त्याच चित्रपटात भर पावसात सर्कशीचा तंबू उभारणारे काळे मजूर आहेत. त्यांना चेहराच काढलेला नाही.

'साँग ऑफ द साउथ' (१९४६) या चित्रपटाची कथा मालकीच्या प्रश्नाला थेट भिडते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी आपल्या मुलांना सशाच्या गोष्टी सांगितल्या. ससा दुबळा, लांडगा-कोल्हा बलवान. ससा बुद्धीने त्यांच्यावर मात करतो. चाबकाखाली जगणाऱ्यांनी रचलेले ते शहाणपण होते. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने तरुणपणी एका मळ्यावर गुलामांच्या तोंडून त्या ऐकल्या आणि १८८० मध्ये आपल्या नावावर छापल्या. सांगणारा म्हणून त्याने एक प्रेमळ, समाधानी म्हातारा काळा माणूस कल्पिला. डिस्नेने त्यावर चित्रपट काढला. काळ्यांच्या प्रमुख संघटनेने त्याच वेळी हरकत घेतली की चित्रपटाची कलाकुसर उत्तम असली तरी त्यातून मालक-गुलाम नात्याचे लोभस आणि खोटे चित्र लोकांच्या मनावर ठसते. प्रमुख भूमिका करणारा जेम्स बॅस्केट हा काळा नट अटलांटा शहरातील पहिल्या खेळाला नव्हता. वर्णभेदाच्या त्या शहरात त्याला मानाने बसायला जागा नव्हती. १९४८ मध्ये त्याला सन्मानाचे ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी तो वारला. हॅरिसच्याच गावी जन्मलेल्या लेखिका अॅलिस वॉकर यांनी १९८१ मध्ये लिहिले की, या माणसाने माझ्या वारशाचा मोठा हिस्सा चोरला. गोष्ट नुसती छापली म्हणून ही तक्रार नव्हती. गोष्टीतला दात काढून ती परत दिली, म्हणून काळ्या मुलांनाच आपल्या आजोबांच्या गोष्टींची लाज वाटू लागली, हे त्यांचे दुःख होते.

तसेच सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचे झाले. १९३९ मध्ये जोहान्सबर्गला त्याने 'म्बुबे', म्हणजे 'सिंह', हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना गेले. ती चाल अमेरिकेत गेली, नव्या शब्दांत जगभर गाजली. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात मेला. १९९४ मध्ये डिस्नेच्या 'लायन किंग'मध्ये तीच चाल वाजली. २००४ मध्ये त्याच्या मुलींच्या वतीने दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयात डिस्नेविरुद्ध दावा लागला. आधार होता १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्यातील एका कलमाचा : लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात. न्यायालयाने तेथील डिस्नेच्या दोनशेहून अधिक व्यापारचिन्हांवर टाच आणली. २००६ मध्ये तडजोड झाली आणि वारसांना मोबदला मिळू लागला. साम्राज्याच्याच कायद्यात सापडलेले एक कलम घेऊन सोवेटोच्या मुली एवढ्या मोठ्या कंपनीसमोर उभ्या राहिल्या. आपल्या कार्यकर्त्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. कायदा वाचणे हीसुद्धा लढाई आहे.

डिस्नेच्या चित्रकथांचे वाचन कसे करावे याचा वस्तुपाठ चिलीतून आला. साल्वादोर आयेंदे यांच्या राजवटीत, १९७१ मध्ये, एरियल डॉर्फमन आणि आर्मां मॅटेलार्ट यांनी डोनाल्ड डक या बदकाच्या गोष्टींवर एक पुस्तक लिहिले. त्यांनी साधे प्रश्न विचारले. या जगात काका आहेत, पुतणे आहेत, आई-बाप का नाहीत? सोन्याने भरलेली कोठारे आहेत, ते सोने खणणारे कोठे आहेत? दूरदेशीचे रहिवासी नेहमी लहान मुलांसारखे का, आणि आपले धन एखाद्या खेळण्याच्या मोबदल्यात हसत हसत का देऊन टाकतात? १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीत त्या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या, समुद्रात बुडवल्या गेल्या. १९७५ मध्ये इंग्रजी भाषांतराच्या प्रती अमेरिकेत आल्या तेव्हा जकात खात्याने त्या अडवून ठेवल्या. बदकाच्या गोष्टी खरोखर एवढ्या निष्पाप असत्या तर त्यांच्यावरील पुस्तकाची एवढी भीती कोणाला वाटली असती?

हे वाचताना मला माझेच हसू आले. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी 'डक टेल्स' हिंदीतून लागे. आमच्या वस्तीत तेव्हा दोन संच होते. दारात, खिडकीत मुले दाटीवाटीने उभी राहत, आणि मी, चांगला शिकलासवरलेला मास्तर, त्यांच्यामागे उभा राहून कंजूष स्क्रूज काकाला नाण्यांच्या राशीत सूर मारताना पाहून हसत असे. ते हसू खोटे नव्हते. ती चित्रे काढणाऱ्यांचे कसब खरे होते. पण त्या राशी कोणी जमवल्या, हा प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारला नाही, मीही नाही.

५

आजची डिस्ने कंपनी १९४६ ची राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. २००९ मध्ये तिने पहिली काळी राजकन्या पडद्यावर आणली. 'स्नो व्हाइट'नंतर बहात्तर वर्षांनी. 'साँग ऑफ द साउथ' तिने कपाटात बंद केला आणि त्यावर बेतलेली उद्यानातील जलसफरही बदलून २०२४ मध्ये त्या काळ्या राजकन्येच्या नावे केली. २०२० मध्ये जुन्या चित्रपटांच्या सुरुवातीला 'ही चित्रणे तेव्हाही चूक होती, आजही आहेत' अशा अर्थाची सूचना घातली. पण अमेरिकेतील राजकीय वारे फिरताच २०२५ मध्ये त्या सूचनेची भाषा सौम्य केली. पश्चात्तापसुद्धा बाजारभावाप्रमाणे चढतो-उतरतो, असा याचा अर्थ मी घेतो.

आता 'ब्लॅक पँथर'कडे परत येतो. तो बनवणारे रायन कूगलर स्वतः ओकलंडचे. वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाचे ऑस्कर या चित्रपटामुळे प्रथमच काळ्या स्त्रियांना मिळाले. माझ्या विद्यार्थ्याचा आनंद म्हणूनच खरा होता आणि तो मी हिरावून घेणार नाही. पण कथा पाहा. ती सुरू होते ओकलंडमध्येच, १९९२ साली. त्या वस्तीत बापाविना वाढलेला मुलगा जगभरच्या काळ्या माणसांच्या हाती शस्त्रे द्यावीत म्हणतो. तो खलनायक ठरतो आणि मरतो. ती शस्त्रे घेऊन निघालेली विमाने पाडायला मदत करतो अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा एक सज्जन गोरा अधिकारी. आणि शेवटी राजा ओकलंडमधल्या इमारती विकत घेऊन तेथे मदतकेंद्र उघडतो. हिंसेचा पुरस्कार मी करीत नाही. तरीही मी विचारतो : ज्या ओकलंडमध्ये न्यूटन आणि सील यांनी पक्ष काढला, भुकेल्या मुलांना सकाळची न्याहारी दिली, तेथील माणसांनी स्वतः संघटित होऊन काही केले, ही शक्यताच या कथेत का नाही? दोनच वाटा का : वरून येणारा दयाळू राजा, नाहीतर सूडाने पेटलेला पोर? ज्याच्या मालकीत नाव आहे, त्याच्या सोयीने नावाचा अर्थ बदलतो.

आणि घर वेगळे आहे, हे माझे म्हणणेही पुरते खरे नव्हते. २०१९ च्या मार्चमध्ये डिस्नेने अमेरिकेतील फॉक्स कंपनीचा मोठा भाग विकत घेतला, आणि त्याबरोबर भारतातील स्टार समूह तिच्याकडे आला. त्यात आपली 'स्टार प्रवाह' ही मराठी वाहिनीही होती. त्याच वर्षी त्या वाहिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. आमच्या आळीत त्या वेळी रस्ते सामसूम होत. माझी आई चष्मा पुसून संचासमोर बसे. भीमराव शाळेत दाराबाहेर बसतो तो भाग पाहताना तिने पदर डोळ्याला लावला, तो बराच वेळ काढला नाही. मिकी माउसच्या मालकाच्या वाहिनीवर ती रडत होती, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही ते नंतर उमगले. मालिका करणाऱ्या मराठी कलावंतांच्या निष्ठेवर मी बोट ठेवत नाही. पण मालकाच्या आराखड्यात माझ्या आईचे अश्रू कोणत्या रकान्यात पडले असतील? आपण आता पाहणारे आणि विकत घेणारे झालो आहोत, म्हणून बाजार आपल्या दारी आला. हा आपला विजय आहे, आणि हाच धोकाही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार समूह रिलायन्सच्या माध्यमव्यवसायात विलीन झाला. डिस्नेकडे सुमारे सदतीस टक्के हिस्सा राहिला. घराचा मालक बदलला. भाडेकरू आपण होतो तेच आहोत.

६

तर मग काय करायचे? मुलांना मिकी पाहू नका म्हणणे हास्यास्पद आहे. बंदीने कोणी शहाणे होत नाही. मी माझ्या वर्गात आता तीन प्रश्न फळ्यावर लिहितो आणि कोणताही चित्रपट, कोणतीही मालिका त्यांना लावायला सांगतो. ही गोष्ट प्रथम कोणाची होती? आज तिचा मालक कोण आहे? आणि तिच्यात राबणारा माणूस कोठे आहे, त्याला चेहरा आहे की नाही? शिक्षक मित्रांनी हे करून पाहावे. मुले आपल्याला सुचत नाहीत अशा गोष्टी शोधून काढतात. एका मुलीने 'सिंड्रेला'विषयी लिहिले होते की, भांडी घासणारीला राजकुमार मिळाला, पण त्यानंतर त्या घरातली भांडी कोण घासत होते ते सांगितलेले नाही.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे. आपल्या वस्त्यांत अजून जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, भीमगीते रचणारे आणि गाणारे आहेत. त्यांची गाणी मोबाइलवर फिरतात, पण खाली नाव नसते. उद्या कोणी ती उचलली तर लिंडाच्या मुलींना जेवढा आधार सापडला तेवढाही आपल्याला सापडणार नाही. म्हणून उतरवून घेताना गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लिहा. गाणे सर्वांनी गावे. पण ते कोणाचे ते माहीत असून गावे.

तो विद्यार्थी आता एका शाळेत शिक्षक आहे. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. नाव आपल्याही लढ्याचे आहे, ते आपण मोल देऊन मिळवलेले आहे. चित्रपट त्यांच्या मालकीचा आहे. आणि तुला झालेला आनंद तुझा आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की झाले. तो म्हणाला, "सर, मग ते तीन प्रश्न मला लिहून द्या, वर्गात लावतो." मी त्याच्या वहीत ते लिहून दिले.